वरच्या थराला टपोरे, खाली बारके!
मोबाईलवरून मिळणारी खोली आणि गाडी : एकदा झकास, एकदा भकास असे का होते?



आज खतावर किंवा कीडरोगावर लिहीत नाही. पण विषय शेतकऱ्याच्या पोटापाण्याचाच आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात कास, बामणोली, तापोळा या बाजूला घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळवणारी कुटुंबे आता गावोगाव दिसतात. आणि त्याच गावांतली पोरे पुण्या-मुंबईला कर्जाने गाडी घेऊन मोबाईलवरच्या कंपनीसाठी भाडी मारतात. म्हणजे खोली आपली, गाडी आपली, पाटी मात्र दुसऱ्याची. या धंद्यात एक मोठी खोट आहे आणि ती आपण वेळीच ओळखली नाही, तर नुकसान आपलेच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी माझीच फजिती सांगतो. मोशीच्या किसान प्रदर्शनाला आम्ही पाच जण गेलो होतो. मी आणि चार शेतकरी. लॉज महाग पडतो म्हणून एकाच्या पोराने मोबाईलवर कुणाच्या तरी फ्लॅटमधली जागा पाहून दिली. फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी, खाली जवळजवळ पाच तारे. रात्री आठला पोचलो तर किल्ली कुणाकडे आहे हे वॉचमनलाही ठाऊक नाही. तासाभराने एक मुलगा आला. पाच माणसांना चादरी तीन, उशा दोन, नळाला पाणी नऊपर्यंतच. बरोबरचे आप्पा म्हणाले, ''साहेब, यापेक्षा आमच्या गोठ्यात व्यवस्था बरी हाय.''

सकाळी गाडी बोलावली. पहिल्याने फोन करून विचारले, ''कुठं जायचंय? रोख का ऑनलाइन?'' ऑनलाइन म्हणताच भाडे रद्द. दुसऱ्याने न विचारताच रद्द केले. तिसरा दहा मिनिटे एकाच चौकात उभा दिसत होता, मग तोही गेला. चौथा आला तो इतका भला माणूस, की आप्पांची पिशवी स्वतः उचलून ठेवली आणि प्रदर्शनाच्या अगदी दारात सोडले.

पुढच्या खेपेला त्याच ॲपवरून दुसऱ्या एका घरी उतरलो. तिथल्या मावशींनी सकाळी चहाबरोबर गरम पोहे दिले, जाताना पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. ॲप तेच, तारे तेवढेच आणि भाड्यातही फारसा फरक नाही. मग एवढा फरक पडला कशाने?

पाटी एक, मालक हजार

आता बघा, या कंपन्यांची गंमत अशी की त्यांची स्वतःची ना खोली असते ना गाडी. २००७ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात दोन तरुणांना घरभाडे परवडेना. गावात परिषद भरली होती, लॉज भरलेले. त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातून २००८ साली एअरबीएनबी उभी राहिली. त्याच शहरात २००९ साली उबर निघाली, ती २०१३ साली बंगळूरमार्गे आपल्या देशात आली. आपल्याकडची ओला २०१० सालची. तिघींचे काम एकच, ज्याच्याकडे जागा किंवा गाडी आहे त्याची गिऱ्हाइकाशी गाठ घालून द्यायची आणि मध्ये आपला हिस्सा घ्यायचा.

म्हणजे अडत्याचेच काम झाले. पण अडत्याच्या गाळ्यावर माल डोळ्यांनी दिसतो, हातात घेऊन बघता येतो. इथे माल म्हणजे सेवा, आणि ती पैसे भरल्यावर, मुक्काम झाल्यावरच कळते.

दूध डेअरीचे उदाहरण घ्या. डेअरीलाही शंभर घरचे दूध येते. कुणाची जर्सी, कुणाची गावठी गाय, कुणाचा चारा चांगला, कुणाचा नुसता कडबा. तरी डेअरीचे दूध सारखे का लागते? कारण प्रत्येकाच्या दुधाची फॅट आणि एसएनएफ रोजच्या रोज लागते. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे प्रमाण आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे. कमी लागले की त्याच दिवशी दर कमी. खोलीची आणि गाडीची फॅट मात्र रोज काढणारा कुणी नाही. शंभर घरांवर एकच पाटी लागते, पण आत काय आहे ते ज्याच्या त्याच्या सवडीवर आणि स्वभावावर.

आपल्या वडापचा जीपवाला आठवा. तो गाडी भरल्याशिवाय हलायचा नाही, माणसे कोंबायचा, हे खरे. पण तो कुणाचा कोण, कुठल्या आळीचा, हे सगळ्यांना माहीत असायचे. म्हातारीला अर्ध्या वाटेत उतरवले तर दुसऱ्या दिवशी पारावर त्याला जाब द्यावा लागायचा. ॲपवर हा पार नाही. त्याच्या जागी तारे आणले.

तारे का फसवतात?

तुम्ही म्हणाल, लोक तारे देतात ना, मग त्यावरून कळत नाही का? कळते, पण थोडेच. २०१५ साली अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी एअरबीएनबीवरच्या लाखो घरांचे तारे तपासले. तेव्हा जवळजवळ ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे निघाली. वर्गातली शंभरातली पंच्याण्णव पोरे पहिल्या श्रेणीत पास झाली, तर हुशार कोण आणि कच्चा कोण हे मास्तरला तरी कळेल का?

असे का होते हे आपल्याला अमेरिकेला न जाताही समजते. लग्नाच्या पंगतीत यजमान विचारतो, ''जेवण कसं झालं?'' आमटी खारट असली तरी कोण सांगतो? ज्याच्या घरी झोपलो, ज्याच्याशी दोन शब्द बोललो, त्याचे वाईट लिहायला माणूस कचरतो. शिवाय मालकही पाहुण्याला तारे देतो, चालकही प्रवाशाला देतो. मी त्याला कमी दिले तर तोही मला कमी देईल ही भीती. ही भीती कमी व्हावी म्हणून एअरबीएनबीने २०१४ साली बदल केला. दोघांनी लिहिल्यावर किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच एकमेकांचे लिहिलेले दिसते. तरी भिडस्तपणा कुठे जातो?

त्यामुळे साडेचार तारे म्हणजे आपल्या हिशेबाने 'बरे' नाही, त्याला 'जरा जपून' समजायचे. कंपनीसुद्धा ज्यांना उत्तम यजमान म्हणून शिक्का देते, त्यांना ४.८ किंवा त्याहून जास्त सरासरी लागते, ९० टक्के चौकशांना वेळेत उत्तर द्यावे लागते आणि स्वतःहून बुकिंग रद्द करण्याचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी ठेवावे लागते.

आता यातला खरा धोका. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरच्या थराला टपोरे आणि खाली बारके भरणारे शेतकरी आपल्यात आहेत, रागावू नका. व्यापारी एकदा फसतो. दुसऱ्या वेळी तो सगळ्यांच्याच क्रेटला खाली बारके आहेत असे धरून भाव पाडतो. ज्याने प्रामाणिकपणे प्रतवारी केली त्यालाही तोच पडका भाव. मग तोही म्हणतो, कशाला निवडत बसायचे? आणि चांगला माल बाजारातून हळूहळू गायब होतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून हेच मांडले आणि त्या कामासाठी २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे त्याआधीच १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा आणि चिन्हांकनाचा कायदा आला आणि ॲगमार्क सुरू झाले, ते याच दुखण्यावर औषध म्हणून.

गाडीवाल्याचीही बाजू ऐका

भाडे रद्द करणाऱ्या चालकाला आपण शिव्या देतो. मीही दिल्या. पण तो चालक आपल्याच गावचा असू शकतो. आमच्या भागातला एक पोरगा पुण्यात गाडी चालवतो. सणाला आला तेव्हा मी त्याला विचारले, ''का रे, भाडी का रद्द करता?''

तो म्हणाला, ''साहेब, गिऱ्हाईक घ्यायला चार किलोमीटर मोकळं जायचं, त्याचं कुणी देत नाही. भाडं दोन किलोमीटरचं. ऑनलाइनचे पैसे मागनं मिळणार, पण सीएनजी आत्ता भरायचा. हप्ता पाच तारखेला. तुम्हीच सांगा, तोट्यात जाणारी खेप कोण घेईल?''

हिशेब चुकीचा नाही. सुरुवातीला कंपन्यांनी बोनसची खिरापत वाटली, त्या भरवशावर पोरांनी कर्जे काढली. मग बोनस आटला, इंधन वाढले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ओला-उबरच्या चालकांनी कित्येक दिवस गाड्या बंद ठेवल्या त्या याच कारणाने. ज्याचा हप्ता थकलाय, जो बारा-चौदा तास गाडीवर बसलाय, त्याच्याकडून रोज हसतमुख सेवेची अपेक्षा धरता येत नाही. एकच गाडी सकाळी झकास आणि रात्री भकास वाटते ती यामुळे.

सरकारने यात लक्ष घातले आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात चालकाला दिवसाला बारा तासांची मर्यादा आणि कामाआधी प्रशिक्षण आले. १ जुलै २०२५ ला सुधारित सूचना निघाल्या. त्यानुसार स्वीकारलेले भाडे सबळ कारणाशिवाय रद्द केले तर भाड्याच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त १०० रुपये दंड. हा दंड चालकाला आहे तसाच विनाकारण रद्द करणाऱ्या प्रवाशालाही आहे. गर्दीच्या वेळचे भाडे मूळ भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त नको, असेही त्यात आहे. राज्यांनी या सूचना धरून आपापले नियम करायचे असतात. ग्राहकांच्या बाजूने म्हणाल, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२२ मध्ये ओला आणि उबर दोघांना नोटिसा दिल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये परतावा कूपनात घ्यायचा की बँक खात्यात, हे ग्राहकाला ठरवू द्या, असा आदेश ओलाला दिला.

सहकाराचा मार्गही सुरू झालाय. २०२५ साली अमूल, इफ्को, नाफेड अशा संस्थांच्या पाठबळावर 'भारत टॅक्सी' चालवणारी चालकांची सहकारी संस्था नोंदली गेली. कल्पना दूध संघासारखीच, गाडी ज्याची तोच सभासद. पण दूध संघ नुसत्या नावाने चालत नाहीत, तिथे फॅट रोज लागते, हे या सहकारालाही लागू आहे.

आपल्या गावात काय घडले

आता घरची गोष्ट. नाव-गाव मुद्दाम देत नाही. कास पठाराच्या अलीकडच्या एका गावात एका ताईंनी बचत गटातून कर्ज घेऊन घरामागे दोन खोल्या बांधल्या. पश्चिम घाटाबरोबर कासचे नाव २०१२ साली जागतिक वारशात गेल्यापासून फुलांच्या हंगामाला गर्दी वाढली होतीच. ताईंच्या हातची नाचणीची भाकरी, पिठले, ओल्या मिरचीचा ठेचा. पहिला हंगाम उत्तम गेला. पाहून शेजारच्या सहा-सात घरांनीही खोल्या काढल्या.

दुसऱ्या हंगामात सप्टेंबरच्या एका शनिवारी ताईंकडे चार पाहुणे जास्त आले. नाही म्हणवेना. त्यांनी दोघांना शेजारी पाठवले, पण आधी सांगितले नाही. शेजाऱ्याकडे पाऊस चालू असल्याने चादरी वाळल्या नव्हत्या. ओलसर अंथरूण, त्याला वास. रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर नाही. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे तक्रार तरी कुणाला सांगणार? त्या पाहुण्यांनी घरी गेल्यावर लिहिले. आणि लिहिताना शेजाऱ्याचे नाव कसे लिहिणार, त्यांना ते माहीतच नव्हते. ताईंच्या नावावर एक तारा पडला आणि खाली गावाचे नाव घेऊन 'या गावात राहू नका' असा शेरा.

पुढच्या आठवड्यांत फोन कमी झाले, सगळ्याच घरांचे. ताई मला म्हणाल्या, ''साहेब, चादर एका घरातली ओली होती. हप्ता मात्र आमचा सगळ्यांचा चुकला.''

बंधूंनो, मला जे सांगायचे ते या एका वाक्यात आले. शहरातल्या फ्लॅटवाल्याचे नाव खराब झाले तर पाहुणा शेजारच्या इमारतीत जातो. आपल्याकडे खराब होते ते गावाचे नाव.

मग त्या बायांनी काय केले? भांडण झाले, नाही असे नाही. पंधरा दिवस शेजारणी बोलत नव्हत्या. शेवटी बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला. त्यांनी एका वहीत दहा-बारा गोष्टी लिहून काढल्या आणि हंगामाआधी एकमेकींच्या खोल्या तपासायच्या असे ठरवले. जिची खोली वहीप्रमाणे नाही तिच्याकडे कुणी पाहुणा पाठवायचा नाही, मग ती जाऊ असली तरी. पहिल्या तपासणीत दोन घरे मागे पडली, त्यात एक घर वही लिहिणारीचेच होते. तिने निमूटपणे नवीन चादरी आणल्या. धंदा पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही, पण जुने पाहुणे परत फोन करू लागलेत.

खोली देणाऱ्यांनी एवढे पाळावे

१. फोटो आजच्या खोलीचा टाका, रंग दिला त्या दिवशीचा नको. संडास-बाथरूमचाही टाका.

२. जे नाही ते आधीच सांगा. रेंज नाही, लाईट जाते, रस्ता शेवटचा एक किलोमीटर कच्चा आहे, गरम पाणी बंबाचे आहे. आधी कळलेली अडचण पाहुणा गोड मानतो, नंतर कळली तर तीच फसवणूक वाटते.

३. माणशी दोन चादरींचे जोड ठेवा, पावसाळ्यात तीन. ओली चादर अंथरण्यापेक्षा बुकिंग नाकारलेले बरे.

४. जेवढ्या खोल्या तेवढेच पाहुणे. दुसरीकडे पाठवायचे असेल तर विचारून आणि त्या घराचे नाव सांगून पाठवा.

५. जेवणाचा दर, जादा माणसाचा दर आधीच लिहून ठेवा. निघताना हिशेब वाढला की आधीची सगळी सेवा पाण्यात जाते.

६. वाईट शेरा आला तर भांडू नका. चूक मान्य करून काय दुरुस्त केले ते खाली लिहा. पुढचा पाहुणा तक्रारीआधी तुमचे उत्तर वाचतो.

७. नोंदणी करून घ्या. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंद होते. केंद्र सरकारच्या घरगुती निवास योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांना तपासणी करून सुवर्ण आणि रजत अशी प्रत मिळते, मात्र मालक त्याच घरात राहणारा हवा. पाहुण्यांची वही ठेवा, ओळखपत्र पाहा. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत ती माहिती कळवावी लागते, हे विसरू नका.

तुम्ही स्वतः गिऱ्हाईक असाल तेव्हा

सरासरी तारे बघून थांबू नका. अलीकडच्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी काय लिहिले ते वाचा, त्यातही कमी तारे देणाऱ्यांचे आधी वाचा. मालकाला फोन किंवा निरोप करून माणसे किती, पाणी किती वाजेपर्यंत, किल्ली कोण देणार हे विचारा. आम्ही हे तीन प्रश्न विचारले असते तर आप्पांना गोठा आठवला नसता. पैसे ॲपबाहेर देऊ नका, नंतर दाद मागता येत नाही. गाडीत बसण्याआधी नंबर जुळवा. फसवणूक झाली तर फोटो काढा, आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा आहे. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आणि सेवा चांगली मिळाली तर तेही दोन ओळी लिहा. मावशींच्या पोह्यांबद्दल मी लिहिले.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना

ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, आणि सरपंच यांना हात जोडून विनंती. गावात किती घरे खोल्या देतात याची यादी करा. हंगामाआधी पाणी, रस्त्यावरचे दिवे आणि कचऱ्याची गाडी एवढे तरी सुरळीत ठेवा, कारण पाहुणा घरमालकाच्या नावावर नळाचाही शेरा मारतो. रेंज नसलेल्या गावात पंचायतीच्या बाहेर एक फलक लावा, त्यावर अडचणीच्या वेळी कुणाला भेटायचे त्याचे घर आणि नाव लिहा. तपासणी मात्र घरोघरच्या बायांनाच करू द्या. वरून आलेल्या साहेबाला घर दाखवायला सजवले जाते, शेजारणीला ते खपत नाही.

पुढच्या फुलांच्या हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. वहीतली ती दहा-बारा कलमे त्या ताईंनी मला उतरवून दिलीत. कुणाला हवी असतील तर तालुका कृषी कार्यालयात या, मी झेरॉक्स देईन.